घरचा कोडी प्लेअर अडखळतो, गोठतो, मधेच रीस्टार्ट होतो: कार्ड पुसण्याआधी हे तपासा

रास्पबेरी पाय (छोटा, एकाच बोर्डावरचा संगणक; पुढे नुसता 'पाय'), एसडी कार्डावर लिब्रीइलेक ही सिस्टिम, त्यात कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम, समोर टीव्ही. स्वस्तातल्या घरगुती मीडिया प्लेअरची ही नेहमीची जुळणी. ओळखीपाळखीतले बिघडलेले डबे माझ्याकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येक डब्यासोबत तेच वाक्य येतं: "नवीन इमेज टाकून बघितली, तरी तसंच." (इमेज म्हणजे कार्डावर लिहायची सिस्टिमची पूर्ण प्रत.) आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. या डब्यांची बहुतेक दुखणी कार्डावर नसतातच. ती अडॅप्टरमध्ये, केबलमध्ये, नाहीतर खुद्द व्हिडिओ फाइलमध्ये असतात. म्हणून इमेज पुन्हा टाकण्याचं काम माझ्या यादीत जवळजवळ शेवटी येतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते आधी ओळखा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- सिनेमा चालू असताना पडदा काळा होतो, सप्तरंगी चौकोन दिसतो आणि डबा पहिल्यापासून सुरू होतो. हार्ड डिस्क जोडली की हे हमखास होतं.
- पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकून जाते.
- आवाज नीट, पण चित्र दर काही सेकंदांनी अडखळतं.
- ठरावीक फाइलीच अडकतात, बाकीच्या लोण्यासारख्या चालतात.
- पहिला अर्धा-पाऊण तास सगळं छान, मग मेनूसुद्धा जड होतो.
- मधेच बफरिंगचं चक्र फिरत बसतं.
- बाहेरची डिस्क यादीतून गायब होते, थोड्या वेळाने परत येते.
- रीस्टार्टनंतर सेटिंग्ज विसरलेली असतात किंवा लायब्ररी रिकामी दिसते.
- लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर काहीच येत नाही.

फुकटातले तीन प्रश्न

स्क्रूड्रायव्हर नको, पैसे नकोत. एकच फाइल अडते की सगळ्या? सुरुवातीपासून अडते की तापल्यावर? नेटवर्कवरून आलेली अडते की डब्यातलीही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला अडणारी फाइल एसडी कार्डाच्या मोकळ्या जागेत कॉपी करा आणि तिथून चालवा. पेनड्राइव्हही चालेल, पण कार्ड बरं, कारण यूएसबीवर काही लावलं की बोर्डावरचा विजेचा भार वाढतो आणि मग कोण दोषी ते कळत नाही. कार्डावरून फाइल सुरळीत चालली तर बोर्ड, कोडी आणि फाइल तिघंही निर्दोष. वायफाय, राउटर किंवा डिस्ककडे वळा. तिथूनही अडली तर नेटवर्कच्या मागे लागून वेळ घालवू नका.

वीजपुरवठा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण आपोआप होणारे रीस्टार्ट, गायब होणारी डिस्क आणि खराब होणारी कार्डं या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पहिली तपासणी नुसती डोळ्यांची: डब्याची केबल कुठे लावली आहे? टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टात असेल तर शोध बहुधा इथेच संपला. साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो आणि यूएसबी ३ चा ९०० साठी. पाय ३ साठी २.५ अँपिअरचा, पाय ४ साठी ३ अँपिअरचा आणि पाय ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, तोही ५.१ व्होल्टचा. मेनू दिसेपर्यंत भागतं, खरा भार सिनेमा लावल्यावर येतो. शिवाय टीव्ही बंद केला की बऱ्याचदा तो पोर्टही मरतो, म्हणजे रोज रात्री कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज तुटते. कार्ड खराब करायची याहून खात्रीची पद्धत नाही.

अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असेल तर पुढचा संशय केबलवर. "पण चार्जर तर ३ अँपिअरचा आहे" हे मला नेहमी ऐकायला मिळतं. असेल की! पण तो आकडा चार्जरच्या तोंडाशी आहे, बोर्डाच्या तोंडाशी काय पोचतं ते केबल ठरवते. फोनच्या चार्जरसोबतच्या बऱ्याच केबलींमध्ये २८ गेजची बारीक तार असते. तिचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. वीज जाते एका तारेतून आणि परत येते दुसरीतून, म्हणजे एक मीटरच्या केबलला ०.४२. डबा १.५ अँपिअर ओढत असेल तर वाटेतच ०.६३ व्होल्ट खर्च होतात. ५.१ मधून ते गेले की उरतात ४.४७. बोर्डाची धोक्याची रेघ आहे ४.६३ व्होल्ट. तीच केबल २४ गेजची, म्हणजे जाड तारेची, असती तर पडझड पाव व्होल्टच्या आसपास राहिली असती आणि काही बिघडलं नसतं. फोनला या पडझडीचं काही वाटत नाही, तो हळू चार्ज होतो, इतकंच. बोर्डाला हळू चालून भागत नाही.

फास्ट चार्जर लावूनही हे सुटत नाही. ते फोनशी बोलणी करून ९ किंवा १२ व्होल्टवर जातात. पाय इतके व्होल्ट मागतच नाही, म्हणून त्याला साधे ५ व्होल्टच मिळतात. ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर लावला तरी पाय ५ ला ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच मिळतील आणि मग तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. हार्ड डिस्क का फिरत नाही, याचं उत्तर तिथेच आहे. पाय ४ च्या अगदी पहिल्या, २०१९ च्या बोर्डांची आणखी एक खोड होती: यूएसबी-सी पोर्टाच्या रचनेत चूक असल्याने चिप असलेल्या महागड्या केबलींवर ते सुरूच होत नसत. असा बोर्ड असेल तर साधी, जाड आणि आखूड केबल वापरा.

आता पुरावा. लिब्रीइलेकच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेसखाली एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून डब्याला आज्ञा देण्याची सोय) सुरू करा, संगणकावरून लॉगिन करा आणि 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेला 'गेट_थ्रॉटल्ड' हा शब्द जोडून चालवा (इंग्रजी छोट्या अक्षरांत: vcgencmd get_throttled). उत्तरात शून्य-एक्सनंतर एक आकडा येतो. नुसतं ० आलं तर वीज आणि उष्णता दोन्ही ठीक. नाहीतर शेवटचं स्थान 'आत्ता काय चाललंय' ते सांगतं आणि उजवीकडून पाचवं स्थान 'सुरू केल्यापासून कधीतरी काय झालं' ते. त्या स्थानांवरच्या अंकात १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेगावर मर्यादा, ४ म्हणजे वेग प्रत्यक्ष उतरवला, ८ म्हणजे तापमानाची पहिली पायरी ओलांडली. हे सगळं बेरजेत येतं. ५०००५ आलं तर ५ म्हणजे ४ अधिक १: व्होल्टेज आत्ता कमी आहे आणि वेगही उतरवलेला आहे. ५०००० आलं तर आत्ता ठीक, पण मघाशी पडलं होतं.

एवढंच ध्यानात ठेवा: या दोनपैकी कुठल्याही स्थानी विषम अंक दिसला की दोष विजेचा (अंकाऐवजी अक्षरही येऊ शकतं; बी, डी, एफ विषमच धरायची). सम असेल आणि ० नसेल, तर उष्णता. आज्ञा सिनेमा अर्ध्या तासापेक्षा जास्त चालल्यावर द्या, सुरू केल्या केल्या देऊन उपयोग नाही.

पिवळी वीज दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर बोर्डाच्या फर्मवेअरला पडद्यावर ते चिन्ह काढताच येत नाही, म्हणून ते दिसतच नाही. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये मात्र 'अंडरव्होल्टेज' शब्दाची नोंद सापडते. कॉन्फिग फाइलमध्ये इशारा दडपणारी एक ओळ टाकायचा सल्लाही फिरत असतो. त्याने फक्त चिन्ह जातं, व्होल्टेज तिथेच राहतं.

उपाय स्वस्त आहे. आधी कुणाकडून तरी बोर्डाचा अधिकृत अडॅप्टर, म्हणजे केबल पक्की जोडलेला, एका संध्याकाळीपुरता मागून आणा. त्यावर नीट चाललं तर तसाच विकत घ्या.

उष्णता

बोर्ड ८० अंश सेल्सिअसला वेग उतरवायला लागतो आणि ८५ ला जोरात ब्रेक लावतो. पाय ३ बी प्लसची पहिली पायरी तर ६० अंशांवरच आहे. टीव्हीच्या पाठीला चिकटवलेला, झाकणबंद प्लास्टिकचा डबा म्हणजे टीव्हीची गरमी आणि बोर्डाची गरमी एकत्र. झाकण काढून, डबा टीव्हीपासून हातभर लांब ठेवून एक सिनेमा पूर्ण बघा. तक्रार गेली तर हीटसिंक लावा. पाय ५ असेल तर पंख्यासकट कूलर लावा, तिथे काटकसर नको.

फाइल नेमकी कोणत्या कोडेकची आहे?

ठरावीक फाइलीच अडत असतील तर थेट इथे या. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत. सिनेमा चालू असताना कीबोर्डवरचं ओ हे अक्षर दाबा. पडद्यावर माहितीचा पट्टा येतो. त्यात व्हिडिओ डीकोडरच्या नावापुढे कंसात एचडब्ल्यू किंवा एसडब्ल्यू लिहिलेलं असतं. एचडब्ल्यू म्हणजे चित्र उलगडायचं काम खास सर्किट करतंय. एसडब्ल्यू म्हणजे तो सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर.

प्रत्येक बोर्डाचं गणित वेगळं आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. पाय ३ मध्ये एच.२६४ या जुन्या कोडेकसाठी सर्किट आहे, १०८० पर्यंत. एचईव्हीसी या नव्या कोडेकसाठी नाही. म्हणून हल्लीच्या आकाराने छोट्या फाइली, ज्या बहुधा एचईव्हीसी असतात, त्यावर धापा टाकतात, आणि मोठ्या जुन्या फाइली मजेत चालतात. "लहान फाइल अडते आणि मोठी चालते, असं कसं?" याचं उत्तर हे. पाय ४ मध्ये दोन्हींसाठी सर्किट आहे, एचईव्हीसी तर फोरके साठ फ्रेमपर्यंत. पाय ५ मधून एच.२६४ चं सर्किट काढूनच टाकलं. तिथे एच.२६४ समोर एसडब्ल्यू दिसलं तर घाबरू नका, त्याचा प्रोसेसर १०८० सहज पेलतो. फोरकेमध्ये केलेली एच.२६४ फाइल मात्र चारवरही आणि पाचवरही रडवते.

एव्ही१ हा कोडेक आणि दहा-बिटची एच.२६४ यांना यातल्या कुठल्याच बोर्डावर सर्किट नाही. अॅनिमेशनच्या जुन्या संग्रहात ही दहा-बिटची भानगड फार. अशा फाइली संगणकावर रूपांतरित करून घ्या. हा बिघाड नव्हे, बोर्डाची कुवत आहे, आणि कितीही सेटिंग्ज खरवडली तरी कुवत वाढत नाही.

पाय ३ किंवा त्याआधीच्या बोर्डावर डीव्हीडीतून काढलेल्या एमपेग-२ फाइली अडत असतील तर सर्किट आहे, पण कुलूपबंद. त्या बोर्डाच्या अनुक्रमांकावर निघणारी परवाना-किल्ली विकत घ्यावी लागते.

एक तक्रार बाहेरून अशीच दिसते, पण वेगळी आहे. एकही फ्रेम गळालेली नाही, तरी कॅमेरा संथपणे आडवा फिरताना चित्र हलक्या झटक्यांनी सरकतं. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० वर चालतोय, त्यामुळे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. कोडीच्या सेटिंग्जमध्ये प्लेअर, व्हिडिओ इथे 'रीफ्रेश रेट जुळवा' हा पर्याय सिनेमाच्या सुरुवातीला आणि शेवटी असा करा. पैसे शून्य, फरक लगेच.

नेटवर्क

डब्यातली फाइल चालते, नेटवर्कवरची अडते, असं ठरलं असेल तरच इथे वेळ घाला. लांब लॅन केबल जमिनीवरून तात्पुरती टाका. अडखळणं थांबलं तर वायफाय दोषी.

मग ५ गिगाहर्ट्झवर जा. पाय ३ बी ला फक्त २.४ येतं, तिथे लॅनला पर्याय नाही. यूएसबी ३ ची डिस्क बोर्डाला खेटून ठेवली असेल तर ती लांब सरकवा. यूएसबी ३ ची तार नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. धातूच्या केसमध्ये बोर्ड बंद केला असेल तर वायफायकडून फार अपेक्षा नको.

लॅनवरही फक्त फोरकेच्याच फाइली अडल्या तर राउटरवरचा दिवा किंवा त्याचं सेटिंग पान बघून जोडणी १०० मेगाबिटवर पडली आहे का ते तपासा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार तुटली की जोडणी मुकाट्याने खाली उतरते आणि नेट चालूच असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. फोरके डिस्कवरून जशीच्या तशी काढलेली फाइल काही प्रसंगांत १०० मेगाबिटच्या वर जाते, म्हणून ती नेमक्या त्याच दृश्यावर अडते.

एसडी कार्ड

सेटिंग्ज विसरणं, लायब्ररी रिकामी होणं, कधी सुरू होणं कधी न होणं, ही कार्डाची लक्षणं. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर सुरुवातीची फाइल सापडत नाहीये, सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नल. दोन्हीत कार्डावरच संशय.

आधी लिब्रीइलेकच्या सेटिंग्जमधून बॅकअप घ्या आणि ती फाइल कार्डावरून दुसरीकडे हलवा, तिथेच ठेवली तर बॅकअप कसला? मग जुनं कार्ड तसंच बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कार्डावर नवी इमेज टाका. त्याच कार्डावर पुन्हा इमेज टाकण्यात तोटा असा की चाललं तरी खात्री नाही आणि नाही चाललं तरी खात्री नाही. नव्यावर नीट चाललं तर जुनं संगणकात घालून एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने तपासा. ही साधनं कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात, त्यामुळे छापील क्षमता खोटी असेल तर उघड पडते.

नवं कार्डही महिन्या-दोन महिन्यांत गेलं तर कार्डाला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वीजपुरवठ्याच्या भागाकडे परत जा.

हार्ड डिस्क

डिस्क गायब होऊन परत येते याचं पहिलं कारण वीज, दुसरं तिचं केसिंग. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. फिरत्या डिस्कला फिरायला लागतानाच मोठा घोट हवा असतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावून बघा. तरीही तेच झालं तर डिस्क यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात लावा. तिथे स्थिर राहिली तर केसिंगच्या चिपचं आणि यूएएस या जलद पद्धतीचं पटत नाहीये. कर्नलच्या ओळीत त्या चिपपुरतं यूएएस बंद करता येतं, पण सिनेमा बघायला यूएसबी २ चा वेग पुरतो, म्हणून मी डिस्क तिथेच राहू देते.

चित्रच नाही

पाय ४ आणि ५ ला दोन एचडीएमआय आहेत. वीज येते त्या पोर्टाच्या शेजारचं वापरा. आधी टीव्ही, मग डबा सुरू करा. असं केल्यावर चित्र येत असेल तर टीव्ही सुरू असताना एसएसएचवरून लिब्रीइलेकची 'गेटईडीआयडी क्रिएट' (getedid create) ही आज्ञा द्या. टीव्हीची ओळख साठवली जाते आणि क्रमाची कटकट जाते. तरी काळं असेल तर केबल बदला. मायक्रो एचडीएमआयचे छोटे कन्व्हर्टर वजनाने लोंबकळून सैल होतात.

इथे थांबा

अडॅप्टर हातात धरवत नाही इतका तापतो, गुणगुणतो, फुगला आहे किंवा जळका वास येतो: सॉकेटचं बटण बंद करून तो काढा आणि टाकून द्या. उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ जीवघेणा भार धरून असतो. सॉकेटमध्येच ठिणगी उडत असेल तर इलेक्ट्रिशियन.

चांगल्या अडॅप्टरवरही लाल दिवा लागत नाही, किंवा एखादी चिप काही सेकंदांतच चटका देते: बोर्डावर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वीज देऊन बघू नका. माझ्या मते बोर्डाची अशी दुरुस्ती परवडत नाही, कार्ड काढून दुसऱ्या बोर्डात घाला. फक्त यूएसबी-सीचं किंवा एचडीएमआयचं तोंड सैल झालं असेल तर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करणारा मोबाइल दुरुस्तीवाला ते बदलून देऊ शकतो. घरच्या जाड सोल्डरिंग गनने प्रयत्न केला तर शेजारचे पॅडही उखडतात आणि मग त्यालाही काही करता येत नाही.

डिस्क टकटक आवाज करते आणि तिच्यावर घरचे फोटो आहेत, दुसरी प्रत नाही: लगेच काढा. दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका, दर फेरीला डोकं पृष्ठभागावर घासत असू शकतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या आणि तुम्ही तिच्यावर काय काय करून बघितलंत ते त्याला खरं खरं सांगा. डिस्कवर नुसते सिनेमे असतील तर एवढा खर्च करू नका.

टीव्हीच्या एका एचडीएमआय पोर्टावर कुठलंच उपकरण चालत नसेल तर दुसरा पोर्ट वापरा. सगळेच मेले असतील तर टीव्ही मेकॅनिकला बोलवा, आणि त्याआधी डबा त्या टीव्हीपासून सोडवून दुसऱ्या एखाद्या पडद्यावर लावून बघा, म्हणजे त्याला दाखवायला चालता डबा हाताशी असेल.